खोट्या घंटेचा सरवा

त्या वर्षी गहू पिवळा पडला आणि पावसाने मार्लिंगमवर मुक्काम ठोकला. ऑगस्ट संपला, सप्टेंबर लागला, तरी कापणी रेंगाळत होती. कापून उभ्या केलेल्या पेंढ्या शेतातच भिजल्या आणि त्यांना हिरवे कोंब फुटले. शेतमालक आभाळाकडे बघून दातओठ खात होते. मजुरांच्या बायका आभाळाकडे बघत नव्हत्या, कारण त्यांचं काम पेंढ्या उचलल्यावरच सुरू व्हायचं. शेत रिकामं झालं की मागे पडलेल्या ओंब्या वेचायच्या, म्हणजे सरवा. त्या सरव्याच्या पिठावर घरची पोरं वसंतापर्यंत जगायची. एरवी सरवा तीन आठवडे चाले. यंदा चार-पाच दिवसही मिळाले तर नशीब म्हणायचं.

सरवा घंटेवर चाले. सकाळी आठला चर्चची घंटा झाली की शेतात शिरायचं आणि संध्याकाळी सहाला झाली की बाहेर पडायचं. ती घंटा एकोणीस वर्षं रूबेन प्लम वाजवत आला होता. चर्च झाडणं, थडगी खणणं, मनोऱ्यातलं घड्याळ लावणं, सगळं त्याच्याकडे होतं. त्याबदली त्याला चर्चच्या भिंतीला टेकलेलं दोन खोल्यांचं घर होतं. काम गेलं की घर गेलं आणि घर गेलं की शहरातला गरीबखाना. तिथे नवऱ्याला एका अंगाला ठेवतात, बायकोला दुसऱ्या अंगाला आणि पोरांना तिसऱ्याच इमारतीत.

आणि रूबेनला फेब्रुवारीपासून दिसत नव्हतं.

हे फक्त त्याच्या बायकोला, केझायाला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत पांढुरका पडदा आला होता. उजेड-अंधार कळे, समोर कोणीतरी उभं आहे एवढं कळे, बाकी सगळं धुकं. रूबेन गावात नेहमीच्या वाटांनी नेहमीसारखा चाले, आवाजावरून माणूस ओळखून आधीच रामराम करे, म्हणून निभत होतं. पण घड्याळाचा काटा आवाज करत नाही. उन्हाळ्यात दोनदा घंटेची वेळ चुकली, तेव्हा गॅरड त्याला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "रूबेन, तिसऱ्यांदा झालं तर पाद्रीसाहेबांच्या कानावर घालावं लागेल मला." गॅरड गावातला सगळ्यात मोठा शेतमालक आणि चर्चचा कारभारीही. त्याने नवा घोडेवाला ठेवला होता आणि त्या माणसाला राहायला घर नव्हतं. गॅरडचा डोळा कुठल्या घरावर आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

म्हणून केझाया रोज सकाळी पोरांना इतर बायकांबरोबर शेताकडे पाठवून देई आणि स्वतः नवऱ्यामागे मनोऱ्यात शिरे. एकेचाळीस पायऱ्या चढून ती घड्याळापाशी उभी राही. खाली दोर धरून उभ्या असलेल्या रूबेनला हळूच हाक मारी, "आवो, झाले." मग घंटा सुरू होई आणि ती पायऱ्या उतरून, मागच्या दाराने, थडग्यांमधून, कुंपणातल्या भोकातून पळत सुटे.

बुधवारी ती धापा टाकत शेतात पोचली तेव्हा कुंपणालगतचे चांगले पट्टे बायकांनी कधीच वेचून घेतले होते.

"आली बाई आमची राणीसरकार," अ‍ॅडा स्पिंक कंबर सरळ न करताच म्हणाली. "केस विंचरायला वेळ लागला वाटतं?"

"दूध उतू गेलं," केझाया म्हणाली.

"रोज जातं गं तुझं दूध. गाय तर न्हाई दारात!"

बायका हसल्या. केझायाही हसली, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. मग ती धसकटांत वाकली. इतरांनी टाकून दिलेल्या, चिखलात रुतलेल्या ओंब्या ती नखांनी उकरून काढू लागली. ओली धसकटं पोटऱ्यांना ओरबाडत होती. तिची थोरली पोर एकटी पुढे धडपडत होती, पण एका पोरीचे हात किती आणि वेग किती. संध्याकाळी सहाच्या घंटेसाठी केझायाला पुन्हा अर्धा तास आधी निघावं लागलं. दिवसभराचा सरवा तिने घरी पसरला. शेजारच्या अ‍ॅडाच्या घरात त्याच्या तिप्पट होता.

"एवढंच?" रूबेनने हाताने चाचपून विचारलं.

"पाऊस हाय की," ती म्हणाली.

"पाऊस सगळ्यांवरच पडतो, केझाया."

रूबेन हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याचे हात मोठे होते, कुदळीने घट्टे पडलेले, आणि अलीकडे ते सतत काहीतरी चाचपत असत. मेजाची कड, सदऱ्याचं बटण, पोरांची डोकी. तिला ते बघवत नसे.

"शुक्रवारी गॅरडचं मोठं रान मोकळं व्हायचंय," ती अखेर म्हणाली. "गिरणीमागचं, चाळीस एकराचं. यंदाचा खरा गहू तिथंच हाय. तिथं सगळ्यांच्या आधी शिरायला न्हाई मिळालं, तर आपला हिवाळा अवघड हाय, बघा."

"मग शीर की. माझा मी वाजवतो."

"आणि वेळ?"

"अंदाजानं."

"अंदाजानं दोनदा वाजवलीत न्हवं का उन्हाळ्यात?"

पोरीला मनोऱ्यात ठेवायचा विचार तिने केला आणि सोडून दिला. पोरगी दहा वर्षांची, तिच्या पोटात एक गोष्ट टिकत नसे. गॅरडला सांगणं आणि तिला सांगणं सारखंच होतं.

गुरुवारी तिला तोडगा सुचला आणि तो इतका सोपा होता की आधी का नाही सुचला म्हणून तिने स्वतःलाच शिव्या घातल्या. मनोऱ्याबाहेर रस्त्याकडे तोंड केलेली मोठी तबकडी होती आणि तिला एकच काटा होता, तासाचा. जुन्या लोकांना मिनिटं लागत नसावीत. आत यंत्राजवळ ताटलीएवढी लहान तबकडी होती. तिच्यावरचा काटा बाहेरच्याशी जोडलेला. आतला हलवला की बाहेरचा हलायचा, घड्याळ लावायची ती रीत होती. केझायाने मेणबत्ती पेटवली आणि आतल्या तबकडीवर आठाच्या आकड्याशी मेणाचा टपोरा थेंब पाडला. थेंब घट्ट झाल्यावर तिने रूबेनचं बोट धरून त्यावर ठेवलं.

"हे आठ. काटा हिथं टेकला की खाली उतरायचं आणि वाजवायचं. समजलं?"

रूबेनने थेंब चाचपला, काटा चाचपला, पुन्हा थेंब चाचपला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. "अगं, हे तर पोरगंबी करंल."

"हळू हात लावायचा. जरासाच."

"एकोणीस वर्षं हाय मी ह्या घड्याळापाशी. मला शिकवती!"

शुक्रवारी पहाटे पाऊस थांबला. आभाळ मात्र राखाडी, सूर्याचा पत्ता नाही. केझाया पोरांना घेऊन मोठ्या रानाच्या फाटकाशी पोचली तेव्हा तिच्यापुढे फक्त टॅबी फिस्क उभी होती. टॅबी सत्तरीची, वाकलेली, पण सरव्यापुरती गावातल्या बायका तिला आपली राणी मानत. कोण आधी शिरलं, कोणी कोणाचा पट्टा ओलांडला, याचा निवाडा ती करी आणि तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. तिने केझायाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज दूध न्हाई उतू गेलं?"

"न्हाई, टॅबीआजी. आज लवकर तापवलं."

"बरं झालं," टॅबी म्हणाली आणि फाटकाकडे तोंड फिरवलं.

रान समोर पसरलं होतं. वरच्या अंगाला पेंढ्या उचलून झाल्या होत्या. खालच्या अंगाला गॅरडचे गडी घोड्याच्या दाताळ्याने उरलासुरला गहू ओढून घेत होते. आठपर्यंत ते उरकून निघतील असं गॅरडने सांगितलं होतं. धसकटांत ओंब्या पडलेल्या दिसत होत्या, जाड, भरलेल्या. बायका मागून येत होत्या, पोरं ढकलाढकल करत होती. केझायाने एप्रनची दोन टोकं कमरेला खोचून झोळी केली. कान चर्चकडे लागले होते. वाजवेल ना? विसरणार नाही ना? पायरीवरून पाय तर नाही ना घसरणार?

आणि घंटा झाली.

बायकांनी फाटक ढकललं. केझाया पहिल्याच पट्ट्यात शिरली, पोरं तिच्या दोन्ही बाजूंना पसरली. ती दोन्ही हातांनी वेचत होती. मूठ भरली की देठाला देठ लावून झोळीत टाकायची, पुन्हा वाकायचं. इतका चांगला पट्टा तिच्या वाट्याला या हंगामात आला नव्हता. पहिली दहा पावलं तिला फक्त आनंद झाला.

मग तिला वाटलं, इतक्यात?

खाली गॅरडचे गडी अजून कामातच होते. दाताळ्याचा घोडा थांबवून ते बायकांकडे बघत होते. सातला घरून निघालो, तिने मनात मोजलं, वाटेत धाकट्याचा बूट चिखलात अडकला, मग फाटकाशी उभं राहिलो, तो काही एवढा वेळ नव्हता. हात मात्र थांबले नाहीत. आपण ओरडून सांगितलं पाहिजे हे तिला कळत होतं. पण ओरडून काय सांगायचं? माझ्या नवऱ्याची घंटा खोटी आहे म्हणून? ती आणखीच जोरात वेचू लागली. झोळी जड होत गेली आणि तिला स्वतःची लाज वाटत गेली.

गॅरड घोडा दौडवतच आला.

"बाहेर! सगळ्याजणी बाहेर! माझी माणसं अजून रानात आहेत, दिसत नाही?"

टॅबी सावकाश उभी राहिली. तिला सरळ व्हायला वेळ लागे. "घंटा झाली, मालक."

"घंटा झाली असेल. आठ नाही झाले." त्याने खिशातून घड्याळ काढलं. "सात पस्तीस. कालच स्टेशनवर मिळवून घेतलंय."

"स्टेशनचा टाईम रेलगाडीला," टॅबी म्हणाली. "आम्ही चर्चच्या घंटेवर येतो. तुमचे वडीलबी आम्हाला घंटेवरच येऊ द्यायचे."

"मग चला चर्चला. बघू तुमचं घड्याळ काय म्हणतंय ते."

पोरांना फाटकाशी बसवून सगळ्या बायका गॅरडच्या घोड्यामागे निघाल्या. केझायाने वाटेत मनाशी शंभर सबबी तयार केल्या. काल ओल होती, दोर आखडला. वाऱ्याने घंटा आपली आपण वाजली. चर्चच्या फाटकातून आत शिरल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या. बाहेरच्या तबकडीवरचा काटा आठाच्या बराच पुढे होता.

"बघा!" अ‍ॅडा स्पिंक ओरडली. "आठ वाजून गेलेत! मालक, तुमचंच घड्याळ मागं पडलंय."

बायका हसल्या आणि क्षणभर केझायाच्याही जिवात जीव आला. घंटा आणि घड्याळ दोन्ही एकच सांगत होती. मग चुकलं कुठे? आणि लगेच तिच्या डोळ्यांसमोर रूबेनची बोटं आली. मेजाची कड चाचपणारी, बटण चाचपणारी, एक क्षण स्वस्थ न बसणारी बोटं. काटा मेणाला टेकला का हे बघायला त्याने किती वेळा हात लावला असेल? प्रत्येक वेळी काटा जरासा पुढे. वेळ चुकू नये म्हणून त्याने गावाची वेळच अर्धा तास पुढे ढकलली होती.

"रूबेन!" गॅरडने हाक मारली.

रूबेन मनोऱ्याच्या दारातून बाहेर आला. हात सदऱ्याला पुसत, चेहरा आवाजाच्या दिशेला किंचित वळवून. "आलो, मालक."

"तुझं घड्याळ अर्धा तास पुढे आहे. चूक कोणाची ते नंतर बघू. आधी ते नीट लाव." गॅरडने आपलं घड्याळ पुढे केलं. "हे घे. बघ किती झालेत आणि लाव."

रूबेनने हात पुढे केला. तो घड्याळापासून वीतभर बाजूला गेला. मग परत आला, साखळीला लागला आणि त्याने घड्याळ धरलं. ते त्याने डोळ्यांसमोर नेलं, जरा दूर केलं, पुन्हा जवळ आणलं. थडग्यांमधल्या यूच्या झाडावर कावळे ओरडत होते तेवढाच आवाज.

"सात पन्नास झालेत," केझाया पटकन म्हणाली. "आवो, सात प—"

"तुला विचारलं नाही मी," गॅरड म्हणाला.

"त्यांच्या डोळ्यांत काल भुसा गेला, मालक, म्हणून जरा—"

"केझाया," रूबेन म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

त्याने घड्याळ परत पुढे धरलं. गॅरडला ते घ्यायला एक पाऊल पुढे यावं लागलं.

"मला दिसत न्हाई, मालक. फेब्रुवारीपासनं. घंटा मी वाजवत होतो, पण टाईम ती बघायची. आज तिला शेतात जायचं होतं."

सात महिने केझायाने हे ओझं वाहिलं होतं. ती पळाली होती, हसली होती, खोटं बोलली होती. आणि त्याने ते चार वाक्यांत खाली ठेवलं. तिला त्याचा राग आला. आणि त्याच वेळी, देवाशप्पथ, तिला हलकंही वाटलं.

गॅरड काही राक्षस नव्हता. त्याने घड्याळ खिशात टाकलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "हे आधीच सांगायचंस, रूबेन. आंधळ्या माणसाने थडगी खणायची म्हणजे... पाद्रीसाहेब रविवारी परत येतायत. मी बोलतो त्यांच्याशी. महिनाअखेरपर्यंत राहा घरात." मग त्याने आवाज चढवला. "चल वर. मी काटा लावतो. आठ झाले की वाजव, आजचा दिवस."

दोघे मनोऱ्यात शिरले. पायऱ्यांवर रूबेनची पावलं पुढे होती, भराभर, सवयीची. गॅरडची मागून अडखळत येत होती.

केझाया बायकांकडे वळली. "मी सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्हाला कुणाला ठाऊक नसंल, पण—"

"ठाऊक होतं," अ‍ॅडा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "सगळ्यांला ठाऊक होतं गं. तू रोज त्या भोकातनं पळत यायचीस, ते दिसत न्हाई व्हय?"

"मग बोलली का न्हाई कुणी?"

बायका इकडेतिकडे बघू लागल्या. उत्तर टॅबीने दिलं. "कशाला बोलायचं? तू उशिरा यायचीस, आम्हाला चांगला पट्टा मिळायचा. सगळ्यांचंच बरं चाललं होतं."

केझायाला अ‍ॅडाच्या घरातला तो तिप्पट ढीग आठवला. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, हेही तिला कळत होतं. म्हणून तर भांडताही येईना.

"आता हे," टॅबी सगळ्यांच्या झोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली. "खोट्या घंटेवर वेचलंय. आपलं न्हाई."

"मालकाच्या खळ्यात टाकायचं?" कोणीतरी विचारलं.

"मालकाच्या का? रानात पडलं ते सरव्याचं. खोट्या घंटेचं असलं तर गावातल्या सगळ्यात लाचार घराचं. माझ्या आईच्या वेळेपासनं हेच हाय." ती थांबली. "गेल्या खेपेला नॅन क्रिस्पच्या झोळीत घातलं होतं. नॅन गेली एप्रिलात."

बायका थांबून राहिल्या. केझायाही थांबली, आपल्या झोळीची गाठ सोडत. लाचार घर कोणाचं म्हणून तीही मनात नावं शोधत होती. एली व्हिंचचं? त्याचा पाय मोडला, पण त्याची पोरं कमावती आहेत. खालच्या आळीतल्या विधवेचं? तिला भाऊ आहे.

"केझे," टॅबी म्हणाली. "तुझी सोडू नगंस. झोळी धर."

तिला कळायला वेळ लागला. मग तिने आजूबाजूला बघितलं, आपल्यामागे कोणी उभं आहे का म्हणून. मागे चर्चची भिंत होती आणि भिंतीला टेकलेलं तिचं घर.

"मी?" ती म्हणाली. "टॅबीआजी, माझा धनी धडधाकट हाय. माझे हात हायेत. आम्ही कधी कुणाचं—"

"धर म्हणते ना."

तिने धरली. एकेक बाई पुढे आली. प्रत्येकीने आपली झोळी तिच्या झोळीत उलटी केली आणि कोणीही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. नॅनच्या वेळी तीही अशीच पुढे गेली होती, ओंब्या टाकल्या होत्या आणि नॅनच्या फक्त बोटांकडे बघून परत फिरली होती. तेव्हा आपण किती चांगल्या आहोत असं तिला वाटलं होतं. ओंब्या ओल्या होत्या, थंड होत्या. झोळी पोटाला लागून खाली ओढली जाऊ लागली. अ‍ॅडाने टाकलं. शेवटी टॅबीने टाकलं, तिचं सगळ्यात कमी होतं. झोळीबाहेर सांडलेल्या दोन ओंब्या तिने वाकून उचलल्या आणि वर नीट ठेवल्या.

घंटा सुरू झाली. या वेळी खरी. रूबेनचा हात दोरावर किती सुरेख होता हे केझाया विसरूनच गेली होती, कारण घंटा सुरू झाली की ती नेहमी पळत असे. ठोके एकसारखे, न घाईचे, न सुस्त. बायकांनी घागरे वर उचलले आणि फाटकाकडे धाव घेतली. पहिल्या ठोक्याला त्या थडग्यांमध्ये होत्या आणि शेवटच्या ठोक्याला रस्त्यावर. अ‍ॅडा सगळ्यांत पुढे होती. केझाया जागची हलली नाही. दोन्ही हातांनी झोळी धरल्याशिवाय ती उभीही राहू शकत नव्हती.

गॅरड बाहेर आला, तिच्याकडे न बघता घोड्यावर बसला आणि गेला. मग रूबेन आला. भिंतीला हात लावत तो दारात थांबला. त्याने डोकं जरा कलतं केलं.

"कोण हाय?"

"मी."

"आता बरोबर आठ झाले न्हवं?"

"बरोबर आठ."

"मग तू हिथं काय करतीस? जा की रानात. बाया पोचल्याबी असतील."

"माझं आजचं वेचून झालं," ती म्हणाली.

तो दोन पावलं पुढे आला. हात पुढे करत त्याने तिचा खांदा चाचपला, दंड चाचपला आणि मग झोळीत हात घातला. ओंब्यांमध्ये तो मनगटापर्यंत बुडाला. त्याने एक ओंबी काढली, अंगठ्याने दाणे मोजत वरपर्यंत गेला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"एवढं? एवढ्या वेळात? केझाया, आगं, म्हंजे लवकर वाजली ती तुला तरी लाभली म्हणायची!"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. आज नाही कळलं तर उद्या अ‍ॅडाच्या तोंडून कळणारच होतं.

"व्हय," ती म्हणाली. "लाभली. दार उघडा, माझे हात मोकळे न्हाईत."